काडीचा भडका आणि 'डॉक' एजर्टन

पेटत्या काडीचा क्लोजअप कधी ट्राय केलाय? मोबाइल ऑटोवर असेल तर हाती काय लागतं, तर पांढराफट्ट ठिपका. मागचा काळोख बघून कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि ज्योतीचा तपशीलच उडतो. त्यापेक्षा काडी चिमट्यात उभी लावा, न पेटलेल्या गुलावर फोकस लॉक करा, एक्स्पोजर चांगलं खाली ओढा, शटर वेगवान ठेवा. मग दुसरी काडी जवळ न्यायच्या आधीच बर्स्ट सुरू करा. भडका दिसल्यावर बटण दाबलंत तर गेलाच तो. आणि फ्लॅशच्या भरवशावर राहू नका. फ्लॅशने धूर उजळेल, काडी उजळेल. ज्योत मात्र स्वतःच प्रकाश आहे, तिला थांबवायचं तर शटरच हवं.

गंमत म्हणजे हा पेच एका अशा माणसासमोर आला, ज्याचं अख्खं नाव फ्लॅशवर उभं होतं. हॅरल्ड एजर्टन. जन्म 1903, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला. फोटोग्राफी शिकला काकाकडून, डिग्री घेतली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. पुढे एमआयटीत मोटरींचा अभ्यास करताना त्याला दिसलं, की जवळच्या उपकरणाचा प्रकाश ठरावीक लयीत लुकलुकला की गरगर फिरणारी मोटर चक्क थांबल्यासारखी दिसते. झालं! त्यातून त्याने इलेक्ट्रॉनिक स्ट्रोब घडवला. आज तुमच्या कॅमेऱ्यात जो फ्लॅश आहे, त्याचं मूळ तिथे सापडतं.

मग तो दुधाच्या थेंबामागे लागला. थेंब पडल्यावर उठणारा मुकुट हवा तसा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट, आणि तो गाजलेला रंगीत फोटो आला 1957 मध्ये. (आपण तीन टेक झाले की कंटाळतो.) 1964 मध्ये सफरचंद फोडून जाणारी गोळी. तिथेही बोट नव्हतंच. अंधाऱ्या खोलीत शटर उघडं, आणि गोळीचा आवाज मायक्रोफोनने पकडला की फ्लॅश आपोआप उडायचा.

पण अणुस्फोटाला फ्लॅश कसा मारणार? तिथे तर काडीचाच प्रश्न, फक्त भयानक मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर एजर्टन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या कंपनीने अमेरिकन सरकारसाठी हलणारा एकही भाग नसलेलं शटर बनवलं. दोन पोलरायझिंग फिल्टर एकमेकांना आडवे लावले की प्रकाश अडतो. मधल्या काचेला चुंबकीय झटका दिला की सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरती वाट उघडते. एका कॅमेऱ्यात एकच फोटो, म्हणून कॅमेरे ओळीने लावायचे. 1952 च्या नेवाडातल्या चाचण्यांचे ते फोटो शोधून बघा. फुगत जाणारा गोळा, खाली टोकदार काटे. मनोऱ्याला ताणून बांधलेल्या तारांची वाफ होतेय, ते ते काटे.

मला ते फोटो सुंदर वाटतात, आणि तसं वाटल्याचं नीट पचतही नाही. बॉम्ब बनवणाऱ्यांना ते मोजमापासाठी हवे होते, एवढं विसरून चालत नाही. स्वतः एजर्टनला कलाकार म्हटलेलं आवडायचं नाही. आपण इंजिनिअर, एवढंच त्याचं म्हणणं.

विद्यार्थ्यांचा तो 'डॉक', समुद्रतळाचे फोटो काढायला साथ दिली म्हणून कुस्तोच्या बोटीवरचा 'पापा फ्लॅश'. 1990 च्या जानेवारीत, 86 व्या वर्षी गेला, तोही एमआयटीतच. भेटायला येईल त्याच्या हातात तो आपल्या फोटोचं एखादं पोस्टकार्ड ठेवायचा.