आन्व्याच्या मंदिरात कॅमेरा नेणारे मेजर गिल कोण होते?

भोकरदन तालुक्यातील आन्व्याचे प्राचीन मंदिर आज कुणीही मोबाइलमध्ये टिपतो. १८६०च्या दशकात तिथे अवजड कॅमेरा नेला तो मेजर रॉबर्ट गिल यांनी.

मद्रास लष्करातील या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे बसून त्यांनी मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले आणि डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेले. नुकसान एवढे मोठे, पण आपल्याकडे चर्चा होते ती गिल आणि पारोच्या प्रेमकथेचीच!

कॅमेरा मात्र त्यांनी आगीच्या आधीच हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्यांच्या शंभर स्टिरिओ छायाचित्रांचे पुस्तक निघाले. मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा. स्टिरिओ म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे. जोडभिंगातून पाहिली की खोली जाणवते. त्यात ओसाड मंदिरे आहेत, तसेच वन्यप्राणीही, पण शिकार केलेले. गिल नावाजलेले शिकारी होते आणि तेव्हाच्या संथ कॅमेऱ्यापुढे जिवंत जनावर स्थिर थांबणे कठीणच.

आगीनंतरही ते याच मुलखात राहिले. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. कबर भुसावळला आहे.