मोत्यांची शेती करणारे कोकिची मिकिमोटो

स्वाती नक्षत्रात पडलेला पावसाचा थेंब शिंपल्याने झेलला की त्याचा मोती होतो, ही भारतीयांची फार जुनी समजूत. प्राचीन रोमन लोक तेच श्रेय आकाशातून पडणाऱ्या दवबिंदूला देत. समजुती वेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी अनुभव एकच होता. मोती मिळणे वा न मिळणे हे माणसाच्या हाती नव्हते. पाणबुड्याने जीव धोक्यात घालून समुद्रतळावरून शिंपले काढावेत, शेकड्यांनी फोडावेत आणि त्यांतील एखाद्यात मोत्याचा दाणा निघाला तर दैवाचे आभार मानावेत, असा तो व्यवहार होता. दैवाधीन मानली गेलेली ही वस्तू शेतातल्या पिकाप्रमाणे घेता येईल या ध्यासाने आयुष्य वेचणाऱ्या माणसाचे नाव कोकिची मिकिमोटो.

जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील तोबा या बंदराच्या गावी २५ जानेवारी १८५८ रोजी मिकिमोटो यांचा जन्म झाला. वडिलांचे उदोन शेवयांचे छोटे दुकान होते. घरात भावंडे अनेक आणि मिळकत बेताची, त्यामुळे थोरल्या मुलाचे शिक्षण लवकरच थांबले. शेवयांच्या धंद्याला जोड म्हणून कोवळ्या वयात त्यांनी भाजीविक्री सुरू केली. वयाच्या विशीत, १८७८ साली, त्यांनी टोकियो आणि योकोहामा ही शहरे पाहिली. सुकवलेल्या सागरी पदार्थांना परदेशी व्यापारी केवढी किंमत देतात आणि आपल्याच किनाऱ्यावरचे बारीक मोतीही कसे हातोहात विकले जातात, हे तेथे त्यांच्या ध्यानी आले. गावी परतल्यावर ते सागरी मालाच्या व्यापारात उतरले.

मात्र या व्यापारातच विनाशाचे बीज होते. मागणी वाढली तसे किनाऱ्यावरचे अकोया जातीचे शिंपले वाटेल तसे उपसले जाऊ लागले. शिंपलाच उरला नाही तर मोती येणार कोठून? या चिंतेपोटी मिकिमोटो आणि त्यांच्या पत्नी उमे यांनी १८८८ साली आगो उपसागरातील एका खाडीत शिंपल्यांचे संवर्धन सुरू केले. आरंभी हेतू केवळ शिंपले वाढवण्याचा होता. शिंपल्याला मोती घडवण्यास भाग पाडण्याची कल्पना त्यानंतरची.

ती कल्पना पक्की झाली १८९० साली. टोकियोतील राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मिकिमोटो यांची टोकियो विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी यांच्याशी गाठ पडली. शिंपल्याच्या शरीरात बाहेरची वस्तू शिरली की तिच्याभोवती मोत्याचा थर चढू शकतो आणि हे माणसाला जाणूनबुजून घडवून आणता येणे तत्त्वतः शक्य आहे, असे मित्सुकुरी यांनी त्यांना समजावले. चीनमध्ये तर गोड्या पाण्यातील शिंपल्यांत बुद्धाच्या लहानशा मूर्ती सरकवून त्यांवर मोत्याचा मुलामा चढवण्याची कला कित्येक शतके चालत आली होती. तरीही पूर्ण मोती कोणी हुकमी काढून दाखवला नव्हता.

शिंपल्याचे मूळ काम मोती घडवणे हे नव्हे, तर घर बांधणे हे होय. त्याच्या मऊ शरीरावर प्रावार नावाचे पातळ आवरण असते. या प्रावाराच्या बाहेरच्या पेशी समुद्राच्या पाण्यातून आलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यापासून कवच रचतात. ज्या द्रव्याची चुनखडी आणि खडू बनलेला असतो, तेच हे कॅल्शियम कार्बोनेट. परंतु शिंपल्याच्या हाती आल्यावर त्याची जात बदलते. कवचाच्या बाहेरच्या बाजूस हे द्रव्य कॅल्साइट या स्फटिकरूपात उभ्या खांबांसारखे रचले जाते, तर आतल्या बाजूस तेच अॅरॅगोनाइट या दुसऱ्या स्फटिकरूपात चपट्या तबकड्यांच्या आकारात बसते. एका तबकडीची जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी. अशा तबकड्यांचे थर विटांसारखे एकावर एक चढतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिने व कायटिन यांचा अतिशय पातळ लेप गिलाव्यासारखा राहतो. वजनाने हा लेप जेमतेम पाच टक्के भरतो, पण कारभार त्याच्याच हाती असतो. कोणत्या जागी कोणता स्फटिक वाढावा आणि तो कोठे थांबावा, हे ही प्रथिने ठरवतात. तबकड्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्याने परावर्तित किरण एकमेकांत मिसळतात आणि मोत्याला त्याचे पाणी चढते. या रचनेमुळेच नुसत्या खनिजाच्या मानाने मौक्तिक थर कितीतरी चिवट होतो.

यातील बराचसा तपशील विज्ञानाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगला. मिकिमोटो यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याजवळ समुद्र होता, शिंपले होते आणि चिकाटी होती. काचेचे तुकडे, शिसे, माती, लाकूड, हाड, शंखशिंपल्यांचे मणी असे नानाविध पदार्थ त्यांनी शिंपल्यांत घालून पाहिले. बहुतेक वेळा शिंपला ती वस्तू बाहेर टाकून देई किंवा मरून जाई. कर्ज वाढत गेले. गावात चेष्टा होऊ लागली. त्यातच १८९२ साली समुद्रावर सूक्ष्मजीवांची तांबडी लाट आली. पाण्यातील प्राणवायू घटला आणि आगो उपसागरातील हजारो शिंपले मेले. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

तोबाजवळच्या एका लहान बेटापाशी ठेवलेले काही शिंपले मात्र या संकटातून वाचले होते. ११ जुलै १८९३ रोजी ते उघडून पाहताना कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेले अर्धगोल मोती पती-पत्नीच्या दृष्टीस पडले. पूर्ण गोल नसले तरी माणसाच्या प्रयत्नाने उपजलेले ते मोती होते. या पद्धतीचे एकस्व मिकिमोटो यांना १८९६ च्या जानेवारीत मिळाले. दुर्दैव असे की, कर्जाच्या आणि उपहासाच्या काळात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या उमे त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, पाच मुलांना मागे ठेवून निवर्तल्या. मिकिमोटो यांनी पुढे दीर्घ आयुष्य काढले, पण वैभवाच्या दिवसांत पत्नीचा वाटा त्यांना देता आला नाही.

टोकियोच्या गिन्झा भागात १८९९ साली त्यांचे मोत्यांचे दुकान उभे राहिले. तथापि जगाला हवा होता तो पूर्ण गोल मोती. १९०५ साली पुन्हा तांबडी लाट आली आणि तिने साडेआठ लाख शिंपल्यांचा बळी घेतला. त्या मेलेल्या शिंपल्यांच्या राशी उपसताना पाच गोल मोती हाती लागले आणि आपण योग्य वाटेवर आहोत, असा विश्वास मिकिमोटो यांना वाटला. शिंपल्याच्या प्रावाराचाच ऊतक मण्याभोवती गुंडाळून तो दुसऱ्या शिंपल्यात बसवण्याच्या पद्धतीचे एकस्व त्यांनी पुढे मिळवले.

गोल मोत्याच्या श्रेयाची कथा मात्र एकट्या मिकिमोटो यांची नाही. त्यांचे जावई व प्राणिशास्त्रज्ञ तोकिची निशिकावा आणि मूळचे सुतार तात्सुहेई मिसे हे दोघे स्वतंत्रपणे याच कोड्यामागे होते. अख्खा प्रावार लागत नाही, त्याचा चिमुकला तुकडा मण्यालगत ठेवला तरी पुरतो, हे त्यांनी जाणले. त्या तुकड्यातील पेशी मण्याभोवती पिशवी विणतात आणि आपला घर बांधण्याचा मूळ धर्म सोडत नाहीत. परिणामी मण्यावर चहूबाजूंनी मौक्तिक थर चढतो. ऑस्ट्रेलियात काम केलेले इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम सॅव्हिल-केंट यांनाही काही अभ्यासक या युक्तीचे श्रेय देतात. निशिकावा १९०९ मध्येच अकाली वारले आणि त्यांच्या पद्धतीची एकस्वे त्यांच्या मृत्यूनंतर मंजूर झाली. कालांतराने साऱ्या उद्योगाने हीच सुटसुटीत पद्धत स्वीकारली. एकाची पद्धत टिकली आणि दुसऱ्याचे नाव टिकले, असे या इतिहासाचे स्वरूप आहे.

गोल संवर्धित मोती युरोपच्या बाजारात पोहोचताच तेथे खळबळ उडाली. लंडन आणि पॅरिस येथील जवाहिऱ्यांनी १९२१ च्या सुमारास या मोत्यांना खोटे ठरवण्याचा चंग बांधला. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, कारण त्यांची तिजोरी दुर्मीळतेवर भरलेली होती. वाद न्यायालयापर्यंत गेला. शास्त्रज्ञांनी मोती कापून पाहिले. आतला मणी सोडला तर बाहेरचे थर त्याच जिवाने, त्याच द्रव्यातून आणि त्याच रीतीने रचलेले होते. माणसाने केवळ निमित्त पुरवले होते. अखेरीस संवर्धित मोती असे स्पष्ट सांगून विकल्यास त्याला खोटा म्हणता येणार नाही, ही भूमिका रूढ झाली. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी १९२५ साली लंडनमध्ये खास प्रयोगशाळाही निघाली. १९२७ मध्ये मिकिमोटो अमेरिकेत थॉमस एडिसन यांना भेटले, तेव्हा आपल्या प्रयोगशाळेत जे साधले नाही ते या माणसाने साधले, अशी दाद त्या थोर संशोधकाने दिली.

आपला माल खोटा नाही हे सिद्ध केल्यावर तो हलका नाही हेही दाखवणे आवश्यक होते. निकृष्ट मोत्यांनी बाजार भरू लागला, तेव्हा १९३२ साली कोबे येथे मिकिमोटो यांनी लाखो कमअस्सल मोती लोकांदेखत आगीत टाकले. ही जाहिरात होती हे खरेच, पण तिच्यामागे आपल्या वस्तूच्या प्रतिष्ठेची चाडही होती.

या यशाची किंमत दूरच्या किनाऱ्यांनी मोजली. इराणच्या आखातातील बहरीन, कुवेत, दुबई ही बंदरे पिढ्यान्‌पिढ्या पाणबुड्यांच्या श्रमावर जगत होती आणि तेथील मोत्यांची मोठी पेठ होती ती मुंबई. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत, त्यांची प्रतवारी होई, त्यांना भोके पाडली जात, ते ओवले जात आणि पुढे युरोपला जात. १९२९ ची जागतिक मंदी आणि जपानी मोत्यांची स्पर्धा यांच्या दुहेरी माऱ्याखाली हा व्यापार कोसळला. कर्जबाजारी पाणबुड्यांच्या हालांना पारावार उरला नाही. राजेरजवाड्यांपुरता असलेला दागिना मध्यमवर्गीय स्त्रीच्या गळ्यात आला, तो असा कोणाच्या तरी घासातून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधील मोत्यांचे उत्पादन थांबले. युद्ध संपताच वृद्ध मिकिमोटो यांनी ते नव्याने उभे केले. २१ सप्टेंबर १९५४ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८५ मध्ये जपानच्या एकस्व कार्यालयाने देशातील दहा थोर संशोधकांत त्यांची गणना केली. भारतातही तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली संवर्धित मोती काढण्यात यश मिळवले.

मिकिमोटो यांनी मोती बनवला असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. तो शिंपल्यानेच बनवला आणि आजही तोच बनवतो. साध्या चुन्यापासून तसा चिवट आणि तेजस्वी थर रचण्याची त्याची हातोटी हुबेहूब साधण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा अद्याप धडपडत आहेत. शिंपल्याच्या त्या कामात किती हात घालायचा आणि कोठे थांबून वाट पाहायची, हे शेवया विकणाऱ्याच्या या मुलाला कळले होते.