पदवीनंतरचे बाबासाहेब

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडची आमची शेकडो मुले आज पदव्या घेऊन घरी बसली आहेत. कुणी बी.ए., बी.एड. झाला आहे, कुणी कृषी पदवीधर आहे, कुणी एलएल.बी. एवढे शिकून काय मिळाले, असे घरचे विचारतात. गावातले टपलेलेच असतात. दोन-तीन वर्षे अशी गेली की त्या पोरालाच वाटू लागते, खोट आपल्यातच आहे. अशा प्रत्येक तरुणाने बाबासाहेबांच्या जीवनातील १९१७ ते १९२८ हा काळ नीट अभ्यासला पाहिजे. जयंतीच्या व्यासपीठावरून आपण त्यांच्या पदव्या अभिमानाने मोजतो. परंतु त्या पदव्या घेऊन ते कामाच्या शोधात निघाले तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आले, हे फारसे कुणी सांगत नाही.

१९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९१५ साली एम.ए. केले, पीएच.डी.साठी प्रबंध लिहिला आणि १९१६ साली लंडन गाठले. तेथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. मागून जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली.

करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर नोकरी पक्की होती. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झालेली, पगार ठरलेला आणि खुद्द राजा पाठीशी. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या हातात कागद न देता लांबून टेबलावर फेकत. पिण्याचे पाणी मिळत नसे. शहरात भाड्याने खोली मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही टाळले. दिवस बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने त्यांनी बडोदा सोडले. पात्रतेचा प्रश्न नव्हता, नेमणुकीचाही नव्हता. ज्या समाजात पाणी आणि छप्पर नाकारले जाते, तेथे नेमणुकीच्या कागदाची किंमत किती, हे या अकरा दिवसांनी दाखवून दिले.

मुंबईत घरखर्चाचा प्रश्न उभा होता. कोलंबियात शिकलेला हा अर्थतज्ज्ञ शिकवण्या करू लागला. शेअर बाजाराच्या गिऱ्हाइकांना सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी काढला. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापकी मिळाली. त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतूनही विद्यार्थी येत. मात्र प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाला त्यांनी हात लावायला काही सहकाऱ्यांची हरकत होती. बाबासाहेबांनी तेथेही दिवस वाया घालवले नाहीत. परळच्या चाळीत काटकसरीने राहून पैसा साठवला, जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले आणि मार्चमध्ये नोकरी सोडून त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले. शाहू महाराज आणि नवल भथेना या पारशी मित्राने पैशाचा हात दिला, म्हणून ते जमले.

१९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी.ही त्याच वर्षी मिळाली. पण वकिलीची सनद घ्यायला खिशात पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. सनद मिळाली, पण सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे पाठवीनात. ते छोटे खटले घेत, बाहेरगावच्या कोर्टात जात. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांची बाजू मांडून त्यांनी यश मिळवले आणि वकील म्हणून नाव झाले. १९२८ साली ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले. त्याच कॉलेजचे ते १९३५ मध्ये प्राचार्य झाले.

ज्या दारांवर आपल्याला उभे राहावे लागले, ती दारे पुढच्यांसाठी उघडायची, हे त्यांनी पुढे करून दाखवले. ते मजूर मंत्री असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४६ साली मुंबईत त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण गरिबाच्या मुलाला नोकरी करता करता शिकावे लागते, हे ते जाणत होते. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढून त्यांनी उच्च शिक्षण आपल्या मराठवाड्याच्या दारात आणले. संविधानाच्या कलम १६(४) ने राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला.

आज हा आधार मागच्या दाराने पोखरला जात आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा घाट घातला गेला. राज्यभर विरोध झाला आणि महिना-दीड महिन्यात तो निर्णय सरकारला रद्द करावा लागला. संघटित आवाजाला यश येते, हा त्यातला धडा आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सनदेसाठी बार कौन्सिलने कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त शुल्क घेऊ नये. ते सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे पाठ करून ठेवावेत.

तरुणांनो, नोकरी नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. मिळेल ते प्रामाणिक काम करा आणि अभ्यास सोडू नका. आणि आमच्यातले जे नोकरीला लागले, ज्यांची घरे बाबासाहेबांच्या पुण्याईने उभी राहिली, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. बाबासाहेबांना एक भथेना भेटला. आपल्या वस्तीतल्या एखाद्या पदवीधराची परीक्षा फी, पुस्तके, सनदेचा खर्च उचलणारा भथेना आपण कधी होणार?