समुद्रतळाचे द्वार उघडणारा झाक कुस्तो

क्रांती चौकातून जाताना शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याकडे ज्याची दृष्टी वळत नाही, असा मनुष्य आपल्या शहरात विरळाच. गिरिदुर्गांचा हा धनी जलदुर्गांचाही कर्ता होता, ही गोष्ट मात्र समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठवाड्यातील लोकांच्या सहसा ध्यानी येत नाही. १६६४ साली महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. आज त्याच बेटाभोवतीच्या पाण्यात सुटीसाठी गेलेली मंडळी पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून बुडी घेतात आणि प्रवाळ व रंगीबेरंगी मासे डोळे भरून पाहतात. आमच्यातील कित्येकांनी पाठीस भोपळा बांधून विहिरीत पोहण्याचे धडे घेतले. भोपळा मनुष्यास पाण्यावर तरंगत ठेवतो. हा सिलिंडर त्यास पाण्याखाली सुखरूप नेतो. हे साधन ज्याच्या खटपटीने जगास लाभले, त्या फ्रेंच नाविकाचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

झाक कुस्तो याचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या एका लहान गावी झाला. बालपणी तो प्रकृतीने अशक्त होता. तथापि पाण्याची ओढ त्यास उपजतच होती. अभ्यासात मात्र त्याचे मन रमेना. शाळेच्या खिडक्यांची तावदाने फोडल्याबद्दल त्यास शाळेतून काढून टाकण्यात आले आणि वडिलांनी त्यास कडक शिस्तीच्या वसतिगृहात धाडले. तेथे गेल्यावर मुलगा सुधारला. १९३० साली त्याने फ्रेंच नौदलाच्या विद्यालयात प्रवेश मिळविला. वैमानिक व्हावे ही त्याची मनीषा होती.

परंतु १९३६ साली मोटारीच्या भीषण अपघातात त्यांचे दोन्ही हात मोडले आणि विमान चालविण्याची आशा कायमची मावळली. दुखऱ्या हातांत बळ यावे म्हणून ते तूलाँच्या किनाऱ्यावर रोज पोहू लागले. एके दिवशी नौदलातील एका मित्राने दिलेला पाणचष्मा लावून त्यांनी पाण्यात डोके घातले मात्र, आणि खालची वनश्री व मासे पाहून ते थक्क झाले. ज्या संकटाने आकाश हिरावून घेतले, त्यानेच त्यांस समुद्र दिला.

आता अडचण एकच होती, ती श्वासाची. बुडी मारणाऱ्यास दम संपताच वर यावे लागे. जुन्या पाणबुड्यांना धातूचे अवजड शिरस्त्राण घालावे लागे व वरून नळीने येणाऱ्या हवेच्या आधाराने राहावे लागे. शुद्ध प्राणवायू वापरून पाहताना कुस्तो यांस दोनदा झटके आले व प्राणावर बेतले. अखेर महायुद्धाच्या धामधुमीत एमिल गान्याँ नावाच्या अभियंत्याची व त्यांची गाठ पडली. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी वायूवर चालविता याव्यात म्हणून गान्याँ यांनी एक झडप तयार केली होती. तिचाच उपयोग श्वासासाठी करण्याचे दोघांनी ठरविले. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. म्हणून हवाही त्याच दाबाने, आणि श्वास घेतला जाईल तेव्हाच मिळावी लागते. १९४३ च्या आरंभी मार्न नदीतील पहिल्या चाचणीत आडवे पोहताना झडप उत्तम चालली, पण शरीर उभे होताच हवा वाया जाऊ लागली. उच्छ्वासाची वाट झडपेच्या पातळीवर आणताच तो दोष नाहीसा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये कुस्तो भूमध्य समुद्रात उतरले आणि माशासारखे मोकळेपणाने विहरले.

युद्ध संपल्यावर १९५० साली त्यांस ‘कॅलिप्सो’ नावाचे, पूर्वी सुरुंग काढण्याच्या कामी असलेले जहाज मिळाले. त्यातून त्यांनी तांबडा समुद्र व हिंदी महासागर पालथा घातला. सेशेल्समधील अझम्प्शन ह्या निवांत बेटावर त्यांच्या मंडळींनी बराच काळ चित्रीकरण केले. समुद्रतळाचे दर्शन घडविणाऱ्या त्यांच्या ‘मौनी जग’ ह्या अर्थाच्या नावाच्या चित्रपटास १९५६ साली कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ह्याच चित्रपटात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळावर सुरुंग उडविल्याचे दृश्य आहे. जहाजाच्या पंख्याने देवमाशाचे एक पिलू जखमी झाले, तेव्हा त्याचे मांस खाण्यास जमलेल्या शार्क माशांची नाविकांनी संतापाने कत्तल केली, तेही त्यात दिसते. बेटावरील महाकाय कासवांच्या पाठीवर बसून थट्टा करणारी मंडळी दिसते. ज्या हातांनी समुद्राचे द्वार उघडले, त्याच हातांनी आतील घराची नासधूसही केली!

परंतु कुस्तो यांचे मोठेपण असे की ते तेथेच थांबले नाहीत. ऐन तारुण्यात माशांनी गजबजलेले पाहिलेले तळ पुढे ओसाड पडलेले त्यांस दिसू लागले, आणि शिकाऱ्याचा राखणदार झाला. १९६० साली किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या बेतास त्यांनी उघड विरोध केला. १९७३ साली सागररक्षणासाठी संस्था स्थापिली. १९७९ साली त्यांचा पुत्र फिलीप, जो त्यांच्या कार्यात त्यांचा उजवा हात होता, विमान-अपघातात मृत्यू पावला. वृद्धपणी बसलेल्या ह्या घावानेही त्यांनी काम सोडले नाही. अंटार्क्टिक खंडात खाणी खणू नयेत म्हणून ते ऐंशीव्या वर्षी देशोदेशींच्या सरकारांचे दार ठोठावीत होते, आणि १९९१ साली तशी बंदी घालणारा करार झाला. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले.

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. सुटीत आपल्यापैकी जे कोणी तेथे, लक्षद्वीपास वा अंदमानास जाऊन बुडी घेतील, त्यांस शिकविणारे पहिला नियम सांगतील, तो म्हणजे वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. कारण दाब कमी होताच हवा फुगते व फुप्फुसास इजा होते. दुसरा नियम आम्ही सांगतो : प्रवाळ हा दगड नसून असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत आहे; त्यावर पाय देऊ नका, त्याचा तुकडा आठवण म्हणून मोडून आणू नका. पालकांनीही तो विकत घेऊन मुलांच्या हाती देऊ नये.

तावदाने फोडणारा मुलगा पुढे थोर झाला. प्रवाळ फोडणारा मनुष्य पुढे त्याचा रक्षक झाला. चूक सर्वांच्याच हातून होते, पण ती ओळखून पाऊल मागे घेणे थोड्यांस साधते. परमेश्वराने सृष्टी मनुष्याच्या स्वाधीन केली ती लुटण्यासाठी नव्हे, तर जतन करण्यासाठी, हे कुस्तो यांस अर्धे आयुष्य गेल्यावर कळले. आमच्या विद्यार्थ्यांस ते शाळेतच कळावे, एवढीच ह्या चरित्रलेखनामागे आमची इच्छा आहे.