ओव्हिलेरचा कोठावळा

बारामती आणि इंदापूर म्हटले, की डोळ्यांसमोर येतो तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि हंगामात धूर ओकणारी साखर कारखान्यांची धुराडी. परंतु या दोन तालुक्यांत द्राक्षांच्या बागाही आहेत. इंदापूर तालुक्यातील बोरी हे गाव तर द्राक्षांसाठीच ओळखले जाते. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानंतरच्या दशकात, तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून बारामतीकडे जाते त्या परिसरात, फ्रेंच गढीच्या धाटणीची ‘फोर सीझन्स’ ही वायनरीही उभी राहिली.

शहरी घरांत पाहुण्यांच्या जेवणासाठी अधूनमधून वाइनची बाटली आणण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही. मात्र रोज न पिणारा, हौसेपुरता घोटभर घेणारा माणूस दुकानातील फळीसमोर उभा राहिला, की गोंधळतो. त्याला हवी असते हलकी, थंडगार, जिभेला तजेला देणारी पांढरी वाइन. बाटलीवर ‘ब्लेंड’ असा शब्द दिसला, की त्याच्या मनात शंका येते. मिश्रण म्हणजे भेसळ तर नव्हे? एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन अस्सल आणि मिश्रणाची दुय्यम, असा समज त्यामागे असतो. ज्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून या मिश्रणाला प्रतिष्ठा लाभली, त्याचे चरित्र हा समज दूर करण्यास पुरेसे आहे. गंमत अशी, की त्याचे नाव जगभर गाजले ते मात्र भलत्याच कारणासाठी.

हा माणूस म्हणजे डॉम पेरिन्यॉन. ‘डॉम’ हे नाव नव्हे. बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंच्या नावामागे लावली जाणारी ती आदरार्थी उपाधी आहे. त्यांचे मूळ नाव पिएर. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील सँत-मनू या लहानशा गावी १६३८ च्या अखेरीस त्यांचा जन्म झाला आणि ५ जानेवारी १६३९ रोजी बाप्तिस्मा. शिवाजी महाराजांहून ते सुमारे नऊ वर्षांनी लहान. सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, त्या काळातली ही गोष्ट. शालाँ येथील जेझुइटांच्या विद्यालयात शिक्षण झाल्यावर, विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांनी व्हर्दं येथील मठात प्रवेश केला आणि संसाराकडे पाठ फिरवली.

१६६८ मध्ये त्यांची नेमणूक मार्न नदीच्या काठावरील टेकडीवर वसलेल्या ओव्हिलेरच्या मठात झाली. सातव्या शतकात स्थापन झालेल्या या मठात त्यांच्याकडे काम आले ते कोठावळ्याचे. धान्य, जमीनजुमला, कुळांकडून येणारे उत्पन्न, खर्चाचा हिशेब आणि तळघरातील वाइन अशी सगळी जबाबदारी या एका पदावर असे. मठाच्या प्रार्थनाविधीला वाइन लागे आणि मठाचा खर्च चालण्यासाठी ती विकावीही लागे. वाइन बिघडली, की मठाचा हिशेब कोलमडे. पेरिन्यॉन यांनी हे काम पुढची ४७ वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीत मठाच्या द्राक्षमळ्यांचे क्षेत्र जवळपास दुप्पट झाले.

त्यांच्यापुढील अडचण हवामानाची होती. शँपेन हा थंड प्रांत. द्राक्षे उशिरा पिकत, एका उतारावर गोड तर दुसऱ्यावर आंबट राहत. मठाकडे स्वतःच्या मळ्यांखेरीज आसपासच्या गावांतून कुळांच्या वाट्याची द्राक्षेही येत. प्रत्येक मळ्याच्या फळात काही ना काही उणे असे. एकात आम्लता भरपूर पण अंग नाही, दुसऱ्यात गोडी आहे पण टवटवी नाही. पेरिन्यॉन यांनी ही विविधता संकट न मानता भांडवल मानली. मठातील त्यांचा उत्तराधिकारी ब्रदर पिएर याने नोंदवून ठेवले आहे, की वेगवेगळ्या मळ्यांतील द्राक्षे रात्रभर खिडकीत ठेवली जात आणि पेरिन्यॉन सकाळी उपाशीपोटी ती चाखून पाहत. कोणत्या मळ्याचे फळ कोणत्या फळाबरोबर किती घालायचे, हा निर्णय रस काढण्यापूर्वीच होई. त्या वर्षीचा पाऊस, ऊन आणि फळाची पक्वता यांचाही त्यात विचार असे.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७१८ मध्ये, शँपेन प्रांतातील वाइननिर्मितीवर एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत दिलेले नियम पेरिन्यॉन यांच्याच पद्धतीचे मानले जातात. वेल आखूड छाटावा, फळ कमी पण कसदार घ्यावे, तोडणी पहाटेच्या गारव्यात करावी, दबलेले वा फुटलेले मणी बाजूला काढावेत, द्राक्षे पायांनी तुडवू नयेत, वाहतुकीला घोड्यांऐवजी शांत स्वभावाची खेचरे वापरावीत, म्हणजे फळ हेलकावत नाही. या साऱ्याचा हेतू एकच, रसात सालीचा रंग उतरू न देणे. कारण त्यांचा भर काळ्या द्राक्षांवर होता. काळ्या द्राक्षाचा रंग असतो सालीत; गर बहुतेक वेळा फिकाच असतो. हलक्या हाताने दाबून रस चटकन वेगळा केला, तर काळ्या घडातून पांढरी वाइन मिळते.

फेसाळणाऱ्या शँपेनचे जनक म्हणून पेरिन्यॉन यांचे नाव घेतले जाते, आणि नेमके तेच त्यांच्या हातून घडलेले नाही. शँपेन प्रांताच्या थंडीत रस आंबण्याची क्रिया मध्येच थांबे आणि वसंतात ऊब येताच बाटलीत पुन्हा सुरू होई. कोंडलेल्या वायूमुळे बाटल्या फुटत. तळघरात एक फुटली, की शेजारच्याही फुटत. पेरिन्यॉन यांच्या दृष्टीने हे बुडबुडे म्हणजे दोष होता आणि ते टाळण्यासाठीच त्यांची धडपड होती. उलट, साखर घालून वाइनला फेस आणण्याची युक्ती ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज विद्वानाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६२ मध्येच मांडली होती. पेरिन्यॉन तेव्हा ओव्हिलेरला आलेही नव्हते.

सप्टेंबर १७१५ मध्ये पेरिन्यॉन यांनी देह ठेवला. चौदाव्या लुईच्या जन्माच्या वर्षी जन्मलेला हा साधू त्याच्याच मृत्यूच्या महिन्यात गेला. ओव्हिलेरच्या चर्चमध्येच त्यांना पुरण्यात आले. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला. त्या मठातील ग्रोसार नावाच्या एका साधूने १८२१ मध्ये फेसाळ वाइनचे सारे श्रेय पेरिन्यॉन यांना देऊन टाकले. ते आंधळे होते, ही दंतकथाही मागाहून जोडली गेली. १९३६ मध्ये ‘मोएत ए शाँदों’ या कंपनीने १९२१ च्या हंगामाची शँपेन त्यांच्या नावाने बाजारात आणली. ज्या बुडबुड्यांशी ते झगडले, त्यांच्याच बाटलीवर त्यांचे नाव झळकले. फळ चाखून मेळ घालण्याचे त्यांचे खरे काम त्या झगमगाटात मागे पडले.

बारामती-इंदापूरची अडचण शँपेनच्या नेमकी उलट आहे. येथे ऊन मुबलक. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी झाल्यावर जानेवारी ते मार्चमध्ये फळ हाती येते. गोडी सहज भरते. पण उष्णतेने फळातील आम्लता झपाट्याने घटते आणि वाइनचा तजेला याच आम्लतेवर अवलंबून असतो. त्यामुळे वेळेवर आणि गारव्यात तोडणी करण्याचा ओव्हिलेरचा नियम येथे अधिकच लागू पडतो. मिश्रणाचे महत्त्वही येथेच कळते. शेनिन ब्लाँ फळाची मृदू गोडी देते, सोव्हिन्यों ब्लाँ हिरवट, लिंबासारखी धार देते. दोन्हींचा मेळ नीट बसला, तर एकाची उणीव दुसरी भरून काढते.

म्हणून हौसेपुरती वाइन घेणाऱ्याने ‘ब्लेंड’ या शब्दाला बिचकू नये. बाटलीवर द्राक्षांच्या जाती दिल्या आहेत का, हे पाहावे आणि हंगामाचे वर्ष वाचावे. अशी हलकी पांढरी वाइन सहसा साठवून सुधारत नाही. ती एक-दोन वर्षांतच संपवावी. फळीवर उन्हात किंवा उकाड्यात उभी असलेली बाटली टाळावी. पिण्यापूर्वी ती आठ-दहा अंशांपर्यंत थंड करावी; त्याहून गार केली, तर चवच लपते. भिगवणला मिळणाऱ्या तळलेल्या माशांसारखा तेलकट-तिखट पदार्थ सोबत असेल, तर आम्लता असलेली वाइन जीभ स्वच्छ करते. गोडसर वाइन तिथे जड वाटते.

शेवटी किंमत आणि नाव. पेरिन्यॉन यांच्या नावाची बाटली हजारो रुपयांना जाते, आणि तिच्यातील बुडबुडे त्यांना नकोसे होते. त्यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे नाव नव्हे, तर सकाळी खिडकीपाशी उभे राहून प्रत्येक मळ्याचे फळ स्वतः चाखण्याची त्यांची सवय. दोन साध्या बाटल्या शेजारी ठेवून, घोटभर चाखून, आपल्या जिभेला कोणती पटते हे ठरवले, तर ओव्हिलेरच्या त्या कोठावळ्याचीच रीत पाळल्यासारखे होईल.