सिमेंटच्या लॅबमधल्या ‘त्या’ बाटलीला ज्यांचं नाव आहे, त्यांच्या हातून एक मोठा शोध थोडक्यात निसटला

सिव्हिल इंजिनीअरिंग केलेल्या कुठल्याही मित्राला विचारा. त्याने लॅबमध्ये लांब मानेची एक काचेची बाटली नक्की हाताळलेली असते. नाव, ली चॅटेलिअर फ्लास्क. सिमेंटची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व काढायला ती लागते. पण हे नाव एका माणसाचं आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

नाव हेन्री, आणि ल शातेलिए हा त्यांच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार. जन्म १८५० सालचा, पॅरिसचा. वडील नावाजलेले इंजिनीअर. हेन्री १८७७ पासून पॅरिसच्या खाणविद्येच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले.

तेव्हा सिमेंट सर्रास वापरात होतं, पण पाणी घातल्यावर ते दगडासारखं घट्ट का होतं, याचं नीट उत्तर नव्हतं. शातेलिए यांनी भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे मायक्रोस्कोपखाली तपासले. ही ताकद मुख्यतः ट्रायकॅल्शियम सिलिकेटमुळे येते, हे त्यांनी १८८७ च्या प्रबंधात मांडलं.

आता ती बाटली. तिच्यात आधी केरोसीन भरतात. पाणी चालत नाही, कारण सिमेंट पाण्यात घट्ट व्हायला लागतं. मग साधारण ६४ ग्रॅम सिमेंट हळूहळू आत सोडायचं आणि केरोसीन किती वर चढलं ते बघायचं. समजा २०.३ मिली चढलं, तर ६४ भागिले २०.३, म्हणजे सुमारे ३.१५. थोडक्यात, तेवढ्याच पाण्यापेक्षा सिमेंट तिपटीहून जड.

यात एक पथ्य पाळावंच लागतं. बाटली तिरकी धरून, फिरवून आत अडकलेली हवा बाहेर काढायची. बुडबुडे राहिले, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं.

आणि याच हवेने शातेलिए यांचा घात केला.

१९०१ साली ते नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवायला निघाले होते. दाब वाढवला की अमोनिया जास्त मिळेल, हे त्यांच्याच १८८४ च्या तत्त्वातून निघत होतं. अकरावीच्या केमिस्ट्रीत आपण शिकतो, तेच हे तत्त्व. पण प्रयोगात भीषण स्फोट झाला, मदतनीस थोडक्यात बचावला आणि शातेलिए यांनी तो नाद सोडला. उपकरणात हवा राहिली होती, हे नंतर लक्षात आलं.

१९०९ मध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ हेबर यांनी ते करून दाखवलं. त्यातूनच पुढे जगाला स्वस्त खत मिळालं आणि हेबर यांना १९१८ चं नोबेल. ती आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक होती, हे शातेलिए यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केलं.

१९३६ मध्ये ते गेले. आजही लॅबमध्ये त्यांच्या नावाची बाटली हातात घेतली, की रीडिंगच्या आधी पहिलं काम तेच असतं. आतली हवा काढणं.