ईश्वरी इच्छेचा शोध : संत इग्नेशियस लोयोला

ईश्वराची इच्छा काय, हा प्रश्न श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाला रोजच्या व्यवहारात पडत असतो. संसार करावा की व्रतस्थ राहावे, कोणता व्यवसाय पत्करावा, आजाऱ्याच्या उशाशी बसावे की प्रार्थनेला जावे, अशा साध्या निवडींतून तो समोर उभा राहतो. त्या वेळी आकाशवाणी होत नाही. उलट आपल्याच मनाची हौस ईश्वराचा आदेश होऊन बोलू लागण्याचा धोका असतो. हा धोका स्वतः अनुभवून निर्णयाची एक शिस्त ज्यांनी घालून दिली, ते येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला. ३१ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, लोयोला येथील गढीत, १४९१ च्या सुमारास एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. अनेक भावंडांतील ते सर्वांत धाकटे. मूळ नाव इनिगो. राजाच्या खजिनदाराच्या घरी त्यांना दरबारी वळण मिळाले. शस्त्रे, उंची पोशाख आणि नावलौकिक यांचा त्यांना मोठा सोस होता. २० मे १५२१ रोजी फ्रेंच सैन्याविरुद्ध पाम्प्लोनाचा किल्ला लढवताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळून पायावर उंचवटा आला. घट्ट बूट घालता येणार नाहीत, एवढ्याच कारणासाठी त्यांनी तो कापून काढायला लावला. भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात हे दिव्यच होते.

अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी वाचायला शौर्यकथा मागितल्या. घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. कधी ते एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना आनंद होई. पण पहिले सरले की मन कोरडे आणि असमाधानी राही. दुसरे सरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. विचार येतो तेव्हा काय वाटते, यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते, हे पाहावे, असा धडा त्यांना यातून मिळाला. त्यांच्या पुढील साऱ्या विचाराचा पाया येथेच घातला गेला.

परंतु धडा मिळाला म्हणून तो लगेच अंगवळणी पडला नाही. बरे झाल्यावर १५२२ मध्ये ते मोन्सेरातच्या तीर्थाकडे निघाले. वाटेत खेचरावरून चाललेल्या एका मूर प्रवाशाशी माता मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला. तो प्रवासी पुढे निघून गेला. त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे, हे इग्नेशियसना ठरवता येईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला आणि निर्णय त्या जनावरावर सोपवला. खेचराने दुसरा रस्ता धरला, म्हणून एक खून टळला. ईश्वरी संकेताची वाट पाहण्याच्या या तऱ्हेत भक्ती होती, विवेक नव्हता.

मोन्सेरातच्या वेदीपाशी तलवार ठेवून ते मानरेसा गावी आले आणि सुमारे अकरा महिने तेथे राहिले. रोज सात तास प्रार्थना, भिक्षेचे अन्न, वाढलेली नखे आणि केस, असे ते आयुष्य होते. कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवून त्यांचे मन पोखरले गेले. आत्महत्येचे विचारही येऊन गेले. या छळातून सुटल्यावर त्यांनी प्रत्येक प्रेरणेची पारख सुरू केली. रात्री झोपेच्या वेळी नेमके गोड आध्यात्मिक विचार दाटून येत. दिवसभर प्रार्थना होते, मग थोडीशी झोपही का हिरावली जावी, असा विचार करून त्यांनी ते विचार दूर सारले आणि झोप घेतली. नखे कापली, केस विंचरले. जे पवित्र वाटते ते सगळेच ईश्वराकडून आलेले नसते, हे त्यांना आता कळू लागले होते.

जेरुसलेममध्ये कायमचे राहणे हीच आपल्याविषयीची ईश्वरी इच्छा, अशी त्यांची खात्री होती. १५२३ मध्ये ते तेथे पोहोचले. तेथील पवित्र स्थळे सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी त्यांना राहू दिले नाही. यात्रेकरूंना पळवून नेण्याचे प्रकार घडत होते. पोपनी दिलेल्या अधिकाराने हा आदेश मिळताच इग्नेशियस परतले. आतून आलेली खात्री आणि बाहेरची वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नसेल, तर खात्रीला मुरड घालावी लागते, हा या परतीचा अर्थ होता.

मग लोकांच्या उपयोगी पडायचे तर शिकले पाहिजे, असे ठरवून तिशी उलटलेले हे गृहस्थ बार्सेलोनात लहान मुलांबरोबर लॅटिनच्या वर्गात बसले. क्रियापदे पाठ करू लागताच मनात दिव्य विचारांची गर्दी होई. प्रार्थनेच्या वेळी मात्र ती नसे. हाही मोह आहे, हे ओळखून त्यांनी शिक्षकांना नियमित अभ्यासाचा शब्द दिला. आल्काला आणि सालामांका येथे धर्मचौकशी आणि तुरुंगवास वाट्याला आल्यावर १५२८ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे खोलीतले सोबती लाभले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी जेरुसलेमला जाण्याचे व्रत घेतले. या वेळी त्याला एक जोड होती : जाता आले नाही तर पोप सांगतील ते करायचे. युद्धामुळे जहाजे सुटली नाहीत आणि सर्वांनी रोमची वाट धरली.

संघ स्थापन करावा की नाही, हा निर्णय १५३९ मध्ये झाला. काही महिने ही मंडळी दिवसा सेवाकार्य करीत आणि रात्री एकत्र जमत. एके दिवशी प्रत्येकाने केवळ विरोधातील कारणे मांडायची, दुसऱ्या दिवशी केवळ बाजूची, असा नियम होता. अखेर एकमत झाले आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. पुढील वर्षी संघप्रमुख म्हणून निवड झाली, तेव्हा इग्नेशियसनी नकार दिला. फेरमतदानातही त्यांचेच नाव आले. तेव्हा त्यांनी आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंपुढे सारे आयुष्य उलगडले आणि त्यांच्या सांगण्यावरून पद स्वीकारले.

१५४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात त्यांनी ही शिस्त मांडली. मन उदास आणि शुष्क असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. निवड करताना दोन्ही बाजूंचे लाभ-तोटे तोलावेत. हीच अडचण एखाद्या अनोळखी माणसाची असती तर आपण त्याला काय सांगितले असते, मृत्युशय्येवर असताना कोणता निर्णय घेतल्याचे समाधान वाटेल, हे स्वतःला विचारावे. दुपारी आणि रात्री दिवसाचे आत्मपरीक्षण करावे. संपूर्ण साधना सुमारे तीस दिवसांच्या एकांताची आहे. पण कामाधंद्यात गुंतलेल्या माणसाने रोज दीड तास काढून ती घरीच करावी, अशी सोयही त्यांनी पुस्तकात करून ठेवली.

या शोधाला मर्यादाही होती. १५४० मध्ये पूर्वेकडे जायला निघालेले बोबादिया आजारी पडले, म्हणून इग्नेशियसनी झेवियरना पाठवले. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. या दोन मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. जून १५५३ मध्ये इग्नेशियसनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले, तेव्हा चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झेवियरना मरण येऊन सहा महिने उलटले होते. ईश्वराची इच्छा शोधणे म्हणजे भविष्य कळणे नव्हे. समोर असलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे निर्णय घ्यायचा आणि पुढचे त्याच्यावर सोपवायचे, एवढेच माणसाच्या हाती असते.

३० जुलै १५५६ रोजी अंत जवळ आल्याचे इग्नेशियसना जाणवले. त्यांनी सचिव पोलांको यांना पोपचा आशीर्वाद आणायला सांगितले. टपाल पाठवण्याची घाई असल्याने हे काम उद्या चालेल का, असे सचिवांनी विचारले. आजच झाले तर बरे, पण जसे योग्य वाटेल तसे करावे, असे त्यांनी सुचवले. दुसऱ्या दिवशी पहाटे, आशीर्वाद पोहोचण्याआधीच, त्यांनी देह ठेवला. आयुष्यभर आपल्या इच्छेची पारख करणाऱ्या या माणसाने शेवटची इच्छाही दुसऱ्याच्या विवेकावर सोडली होती. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना आणि झेवियरना एकाच दिवशी संतपद देण्यात आले.